नँटकेटचे दोन कप्तान

गुरुवार, मिस्टिक

ऑक्टोबर सरत आला की न्यू इंग्लंडमधली आपली मंडळी पानांचे रंग बघायला डोंगरांकडे पळतात. आम्ही समुद्राकडे निघालो, कारण मामा. मामा तीसेक वर्षं बोटीवर होता, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला, आणि लाल-पिवळ्या पानांकडे तो पार्किंगमधला कचरा म्हणूनच बघतो. मला कप्तान एहॅबचं गाव बघायचं होतं. तेव्हा आधी कनेक्टिकटमधलं मिस्टिक, मग मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड आणि शेवटी नँटकेट बेट, असा रस्ता ठरला.

एहॅब खरा नव्हे. हर्मन मेलव्हिलच्या १८५१ सालच्या 'मोबी डिक' या कादंबरीतला तो देवमासे मारणाऱ्या शिकारी जहाजाचा कप्तान. वय अठ्ठावन्न, त्यातली चाळीस वर्षं समुद्रावर गेलेली. एका पांढऱ्या देवमाशाने त्याचा पाय तोडला. आता देवमाशाच्याच जबड्याच्या हाडाचा पाय लावून तो पुन्हा निघालाय. मालकांना वाटतंय जहाज देवमाशाचं तेल आणायला गेलं. याच्या डोक्यात मात्र तो एकच मासा.

मिस्टिकच्या धक्क्याला 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' उभं आहे. १८४१ साली न्यू बेडफर्डला पाण्यात उतरलेलं हे जहाज, आणि लाकडी शिकारी जहाजांपैकी जगात उरलेलं एवढंच. ऐंशी वर्षांत ३७ सफरी केल्या, मग २०१४ साली डागडुजी करून हौसेने ३८वी. मेलव्हिल स्वतः खलाशी म्हणून ज्या 'अकुश्नेट'वर चढला, तेही १८४१च्याच जानेवारीत त्याच बंदरातून बाहेर पडलेलं. त्यामुळे कादंबरीतल्या 'पेक्वॉड'चा, म्हणजे एहॅबच्या जहाजाचा, अंदाज घ्यायचा तर इथेच यायला हवं.

डेकवर मधोमध विटांची भट्टी, तीत दोन अवाढव्य लोखंडी कढया. माशाची चरबी इथेच कढवायची आणि तेल पिंपात भरून तळाशी ठेवायचं. सरपण कसलं, तर तेल निघून गेलेले चरबीचेच कुरकुरीत तुकडे. म्हणजे मासा स्वतःच्याच जाळावर शिजायचा. लाकडी जहाजावर असला जाळ! मामा लगेच गुडघ्यावर बसून भट्टीखाली डोकावला. विटांच्या खाली पाणी भरायचं टाकं असतं, म्हणजे डेक पेटत नाही. त्यानंतर अर्धा तास तो त्या टाक्यावरच बोलत होता.

मी खाली कप्तानाच्या खोलीत गेले. खलाशांच्या फळ्या पुढे नाळेकडे, एकीवर एक रचलेल्या. वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. मागे कप्तानाला मात्र स्वतंत्र खोली, आणि तीत टांगता पलंग. जहाज कितीही कलंडो, पलंग आडवाच राहणार. मी त्या पलंगाकडे बघत असतानाच वरच्या डेकवर शाळेच्या सहलीची पोरं धावली. एकेक पाऊल थेट टाळूवर पडल्यासारखं. कादंबरीत एहॅबला झोप येत नाही, म्हणून तो रात्रभर डेकवर येरझाऱ्या घालतो. हाडाचा पाय लाकडावर ठक, ठक, ठक, आणि खाली मेट लोक, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी, डोळे उघडे ठेवून पडलेले. एकदा स्टब नावाचा मेट वर जाऊन हळूच सुचवतो की पायाला काहीतरी गुंडाळता आलं तर बरं. एहॅब त्याला कुत्रा म्हणून हाकलतो. वाचताना हा प्रसंग मला विनोदी वाटला होता. इथे खाली उभं राहिल्यावर स्टबची कीव आली.

संध्याकाळी मॉटेलवर मामाने विचारलं, "पण वेडा केव्हा झाला तो? पाय गेला तेव्हा?"

इथेच तर गंमत आहे. मेलव्हिल सांगतो की पाय तुटला त्या क्षणी नव्हे. वेड लागलं ते परतीच्या वाटेवर, महिनोन्महिने झोळीत पडून असताना, दक्षिण अमेरिकेचं टोक वळसा घालून येताना. फाटलेलं शरीर आणि फाटलेलं मन एकमेकांत झिरपत गेलं. त्याला आवळून बांधून ठेवावं लागलं, इतका तो बडबडायचा. मग हवा निवळली, तो डेकवर आला, शांतपणे हुकूम सोडू लागला, आणि सगळे म्हणाले, सुटलो बुवा. वेड मात्र गेलेलं नव्हतं, ते आत जाऊन बसलं होतं, आणि तिथे त्याला बुद्धीची साथ मिळाली. मला हे वर्णन कुठल्याही आरडाओरड्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं.

मामाचं मत वेगळं. "कंपनीचीच चूक. असल्या माणसाला पहिल्या पोर्टला साइन ऑफ करून घरी पाठवतात."

शुक्रवार, न्यू बेडफर्ड

दीड तासाचा रस्ता, वाटेत पाऊस. न्यू बेडफर्डमध्ये पोर्तुगीज वस्ती मोठी, अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांवरून शिकारी जहाजांबरोबरच आलेली. दुपारी पाव आणि चोरिसो खाल्लं. गोव्याच्या चोरिसाचा आंबट झटका त्याला नाही, पण मामाने दोन प्लेट संपवल्या, म्हणजे बरं असावं.

इथल्या व्हेलिंग म्युझियममध्ये शिरताच डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, ६६ फुटी. हे पिल्लूच, १९९८ साली जहाजाच्या धडकेत मेलेलं. इतकी वर्षं झाली तरी हाडांतून अजून तेल पाझरतं. ते गोळा करायला नळी लावून एक काचेचं भांडं ठेवलंय आणि त्याच्या तळाशी काळपट-तांबूस तेल साचलंय. मी बराच वेळ त्या नळीच्या टोकाकडे बघत उभी राहिले, थेंब काही पडला नाही. बाकी म्युझियम मोठं आहे, 'लागोडा' जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं. पोरं बरोबर असतील तर जरूर जा.

मला मात्र समोरचं सीमेन्स बेथेल बघायचं होतं. १८३२ सालचं खलाशांचं प्रार्थनाघर. कादंबरीत त्यातला प्रवचनाचा चौथरा जहाजाच्या नाळेच्या आकाराचा आहे, आणि आत गेलं की तो तसाच दिसतो. खरं तर मेलव्हिलच्या काळात असलं काहीच नव्हतं. लोक येऊन "ती नाळ कुठाय?" असं विचारायचे, म्हणून १९६१ साली बनवून बसवली. कल्पनेतल्या वस्तूसाठी सुतार लावला! मामा हसला, "आपल्याकडे नाही का, सीतेची न्हाणी दाखवतात."

भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत, समुद्रात गेलेल्यांच्या. खाली देह नाहीत, नुसतीच नावं. एक पाटी नँटकेटच्या 'ख्रिस्तोफर मिचेल' जहाजावरच्या कप्तान विल्यम स्वेनची. देवमाशाला भाला लागला, त्याच भाल्याच्या दोराने कप्तानाला होडीतून ओढून नेलं, आणि तो बुडाला. १९ मे १८४४, वयाचं एकोणपन्नासावं वर्ष. कादंबरीच्या शेवटी एहॅब असाच जातो. दोराचा फास गळ्याभोवती पडतो आणि होडीतले लोक बघेपर्यंत माणूस नाहीसा. मला तो शेवट नाटकी वाटत आला होता. पण टबात वेटोळं करून ठेवलेला दोर मासा पळताना इतक्या वेगाने सुटायचा, की खुंटाला घासून पेट घेऊ नये म्हणून त्यावर सतत पाणी मारावं लागे. सहा माणसांची अरुंद होडी, आणि तो दोर त्यांच्या मधून धावतोय. हात किंवा मान जागेवर राहिली तर नवल.

रात्री मामाला एहॅबच्या साथीदाराबद्दल सांगितलं. एहॅबने मालकांना न विचारता जहाजाच्या पोटात स्वतःची वेगळी माणसं लपवून आणलेली असतात. त्यांचा म्होरक्या फेदाल्ला, आणि तो चक्क पारशी! गूढ, अबोल, भविष्य सांगणारा, खलाशांना तो सैतानच वाटतो. मामा आडवा झाला होता तो उठून बसला. त्याच्या पहिल्या बोटीवरचा सेकंड इंजिनिअर पारशी होता. दर रविवारी धानसाक आणि सगळ्या मशीनरीला आईमाईवरून शिव्या. मेलव्हिलला असा एखादा बावाजी भेटला असता तर फेदाल्ला जन्मालाच आला नसता.

शनिवार, नँटकेट

हायॅनिसहून मोठी फेरी घेतली. सव्वादोन तास लागतात. वेगवान बोट तासाभरात पोचवते, पण मामाला घाई पसंत नाही. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं आणि बेट दिसलं ते थेट ब्रँट पॉइंटचं बुटकं दीपगृह बाजूला आल्यावर. घरं सगळी राखाडी, वारा-मीठ खाऊन करडी पडलेल्या लाकडी खवल्यांची. मेन स्ट्रीटवर गोटे बसवलेले, त्यावर मामाची चाकांची बॅग असा आवाज करत होती की लोक वळून बघत होते.

ब्रॉड स्ट्रीटवरचं म्युझियम १८४७ सालच्या मेणबत्तीच्या कारखान्यात आहे. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातल्या तेलापासून इथे मेणबत्त्या व्हायच्या, आणि ते पिळायचा प्रचंड लाकडी तुळईचा दाब अजून जागेवर आहे. शेजारच्या दालनात ४६ फुटी स्पर्म देवमाशाचा सांगाडा, १९९८च्या पहिल्याच दिवशी बेटाच्या किनाऱ्याला लागलेला. त्याच्या जबड्याखाली बाकं मांडलीत आणि तिथे 'एसेक्स'ची गोष्ट सांगतात. कादंबरीच्या मागे उभी असलेली खरी गोष्ट ती हीच.

'एसेक्स' १२ ऑगस्ट १८१९ला नँटकेटहून निघालं. कप्तान जॉर्ज पोलार्ड, वय अठ्ठावीस, पहिल्यांदाच कप्तान झालेला. बाहेर पडून दोन दिवस होतात न होतात तोच वादळाच्या तडाख्याने जहाज आडवं झालं आणि शिकारीच्या होड्यांची नासाडी झाली. पोलार्ड म्हणाला, परत फिरू, दुरुस्ती करून निघू. ओवेन चेस आणि मॅथ्यू जॉय हे दोघे मेट म्हणाले, नको, पुढे चला. पोलार्डने ऐकलं.

२० नोव्हेंबर १८२०. पॅसिफिकच्या मधोमध, जवळची जमीनही हजाराहून जास्त मैलांवर. पोलार्ड आणि जॉय होड्या घेऊन शिकारीवर. चेस जहाजावर आपली फुटलेली होडी ठोकत बसलेला. सुमारे ८५ फुटांचा एक नर देवमासा आला आणि त्याने जहाजाला समोरून धडक मारली. मग वळला, पुन्हा आला. चेसला एकदा भाला मारायची संधी होती, पण माशाची शेपटी सुकाणूला लागून होती, म्हणून तो थांबला. जहाज बुडालं. वीस माणसं, तीन होड्या.

पोलार्ड म्हणाला, वारा अनुकूल आहे, पश्चिमेला सोसायटी बेटांकडे जाऊ. मेट म्हणाले, तिथे माणसं खाणारे लोक असतात, दक्षिण अमेरिका गाठू. अंतर कितीतरी जास्त आणि वारा उलटा. पोलार्डने पुन्हा ऐकलं.

पुढचं माहीत असेलच, किंवा अंदाज आला असेल. हेंडरसन नावाच्या ओसाड बेटावर तिघे मागे राहिले, ते पुढे वाचले. बाकीचे पुन्हा होडीत. माणसं मरत गेली, आणि उरलेल्यांनी त्यांना खाल्लं. होड्यांत सहा कृष्णवर्णीय खलाशी होते, त्यांतला एकही परतला नाही. गोष्ट सांगणाऱ्या बाईंनी हे एका वाक्यात उरकलं. मला ते वाक्य पुरेसं वाटलं नाही.

६ फेब्रुवारी १८२१ला पोलार्डच्या होडीत चौघे जिवंत होते, आणि खायला कुणी मेलेलं उरलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं ओवेन कॉफिनचं. ओवेन पोलार्डचा सख्खा मावसभाऊ, विशीतही न पोचलेला पोरगा. पोलार्ड म्हणाला, तुझ्याऐवजी मी मरतो. पोराने ऐकलं नाही. गोळी कुणी घालायची याचीही चिठ्ठी, ती ओवेनच्या मित्रावर आली, चार्ल्स रॅम्सडेलवर. २३ फेब्रुवारीला 'डॉफिन' जहाजाने ती होडी पाहिली तेव्हा आत पोलार्ड आणि रॅम्सडेल होते, हाडं हातात घट्ट धरून चोखत बसलेले. 'एसेक्स' बुडून पंच्याण्णव दिवस झाले होते. बेटावरचे तिघे धरून एकूण आठ जण वाचले.

इथे मामाने मला कोपराने ढोसलं. एका चौकटीत दोऱ्याचा छोटासा तुकडा आहे. चेसच्या होडीतल्या बेंजामिन लॉरेन्सने उपाशीपोटी बसल्या बसल्या वळलेला. बारीक, तपकिरी, पीळ एकसारखा. "बघ," मामा म्हणाला, "हात कामात ठेवले होते त्याने." एवढं बोलून तो दुसऱ्या दालनात गेला, तिथून तासभर बाहेर आला नाही.

रात्री जेवायला चाउडर, इकडचं दाट सूप. महागडं आणि पिठूळ. बेटावर सगळंच महाग.

रविवार, सेंटर स्ट्रीट

पोलार्डचं घर अजून आहे, सेंटर स्ट्रीटवर. खाली भेटवस्तूंचं दुकान, देवमाशाचे मग, देवमाशाचे मोजे. भिंतीवर पाटी आहे, म्हणून कळतं. मामाने फ्रिजला लावायचे मॅग्नेट घेतले, मी बाहेर थांबले.

पोलार्ड १८२१च्या ऑगस्टमध्ये परतला. सांगतात की धक्क्यावर गर्दी जमली होती आणि कुणी तोंडातून शब्द काढला नाही, नुसती वाट करून दिली. त्याला मावशीकडे जायचं होतं. पोराला सांभाळून आणतो असं सांगून नेलेलं. नॅन्सी कॉफिनला पुढे तो समोर आलेला सहन व्हायचा नाही. आपल्याकडे मावशी म्हणजे काय हे सांगायला नको. त्या दारात पोलार्ड कसा उभा राहिला असेल, याचा विचार मी सकाळपासून टाळत होते.

गावाने त्याला दोष दिला नाही. चिठ्ठी ही समुद्राची रीत होती. त्याच वर्षी त्याला दुसरं जहाज मिळालं, 'टू ब्रदर्स'. ११ फेब्रुवारी १८२३च्या रात्री तेही हवाई बेटांच्या वायव्येला प्रवाळाच्या खडकावर चढलं. पोलार्ड डेकवर नुसता उभा राहिला, त्याला ओढून होडीत घालावं लागलं. त्या जहाजाचे नांगर, कढया आणि भाल्यांची पाती २००८ सालापासून पाणबुड्यांना सापडत गेली. सुटकेनंतर भेटलेल्या एका मिशनऱ्याला त्याने ओवेनची हकीकत सांगायला घेतली आणि मध्येच थांबला. आठवलं की डोकं पेटतं, म्हणाला. आता आपल्याला कुणी जहाज देणार नाही, आपण अपशकुनी माणूस, हेही त्याला ठाऊक होतं.

आणि मग? मग तो गावाचा रात्रीचा पहारेकरी झाला. कंदील घेऊन ह्याच गल्ल्यांतून फिरायचा. दर २० नोव्हेंबरला खोलीचं दार लावून दिवसभर उपास करायचा. १८७० साली गेला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. वेडा झाला नाही.

वेड लागलं ते चेसला. प्रकृतीने दणकट, हुकमी, ज्याचं म्हणणं दोनदा मान्य केलं गेलं तो चेस. त्याने परतल्या परतल्या पुस्तक लिहिलं, मोठा कप्तान झाला, पैसे मिळवले. म्हातारपणी डोकं असह्य दुखू लागलं, आणि ऑरेंज स्ट्रीटवरच्या घराच्या माळ्यावर तो अन्न लपवून ठेवू लागला. त्याच्याच मुलाने त्याचं पुस्तक समुद्रात मेलव्हिलच्या हातात दिलं होतं.

मेलव्हिल नँटकेटला आला तो १८५२च्या जुलैमध्ये, कादंबरी छापून झाल्यावर. एहॅबचं गाव त्याने न बघताच लिहिलं होतं! तो ज्या हॉटेलात उतरला, ते पोलार्डच्या घराच्या कोपऱ्यावरच आहे. दोघे भेटले, दोन-चार शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही. बेटवाल्यांच्या लेखी हा म्हातारा कुणीच नव्हता. मेलव्हिलला तो आजवर भेटलेल्या माणसांत सर्वांत मोठा वाटला, तसं त्याने लिहून ठेवलंय. पुढे १८७६च्या 'क्लॅरेल' या दीर्घकाव्यात जहाजं गमावून पहारेकरी झालेला कप्तान येतो, तो पोलार्डच.

परतीच्या फेरीवर मामाशी वाद झाला. माझं म्हणणं असं की मेलव्हिलने 'एसेक्स'चा मासा उचलला आणि कप्तान मात्र अगदी उलटा बनवला. पोलार्ड सगळ्यांचं ऐकतो, एहॅब कुणाचंच नाही. त्याच्या जहाजाला वाटेत 'रेचल' भेटतं, त्याचा कप्तान गार्डिनर नँटकेटचाच, ओळखीचा. त्याचा बारा वर्षांचा मुलगा होडीसकट हरवलेला. शोधायला मदत कर म्हणून तो हात जोडतो, आणि एहॅब 'नाही' म्हणून खाली निघून जातो. तरी हाच माणूस पुढे एकदा त्याच्या पहिल्या मेटजवळ, स्टारबकजवळ, उभा राहून चाळीस वर्षांच्या वणवणीचा हिशेब मांडतो. पन्नाशीनंतर लग्न, दुसऱ्याच दिवशी समुद्रावर, उशीवर एक खळगा पडला तेवढाच संसार. नवरा जिवंत असताना तिला विधवा केली, असं तो स्वतःच म्हणतो. डोळ्यातलं पाणी समुद्रात पडतं. स्टारबकला वाटतं, वळला हा. मी तर म्हणते, त्या पानावर एहॅब आणि पोलार्ड एकाच माणसाचे दोन चेहरे वाटतात. दोघांनाही काय केलं ते नीट कळलेलं आहे.

"कळून काय उपयोग," मामा म्हणाला. "आणि तुझ्या पोलार्डला फार डोक्यावर घेऊ नकोस. कप्तानाने मेटचं ऐकावं, जरूर ऐकावं. पण लॉगबुकात सही कप्तानाचीच असते. चीफ मेट म्हणाला म्हणून वळलो, असं लिहायला तिथे रकाना नसतो."

"म्हणजे एहॅब बरा?"

"कोण म्हणालं? मी दोघांच्याही बोटीवर गेलो नसतो."

मी विचारलं, मग पोलार्डने त्या चिठ्ठीच्या वेळी काय करायला हवं होतं. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा आणतो म्हणून उठला, आणि आणली ती कॉफी, चहा संपला होता. हायॅनिसला उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. रविवार संध्याकाळ, सॅगमोर पुलाच्या अलीकडे गाड्यांची तुफान रांग. बॉस्टनला पोचेपर्यंत साडेआठ झाले, आणि मामाने गाडीत झोप काढून घेतल्यामुळे तो रात्री एकपर्यंत जागा राहून मला 'टू ब्रदर्स'च्या कढया पाण्याखाली इतकी वर्षं गंजल्या कशा नाहीत ते समजावत होता.